शनिवारी गेलेल्या चपला

"आज लेक नाही का आली?" भाजीवाल्या बाईंनी विचारलं.

प्रश्न माझ्या सासूबाईंना होता. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. हातात पिशवी, पिशवीत दुधी, आणि त्यासाठी ऑफिसमधून काढलेली अर्ध्या दिवसाची रजा. आईंना मुलगी नाही. एकच मुलगा आहे आणि तो माझा नवरा. भाजीवाल्या बाईंना हे माहीत असायचं कारण नाही, पण आईंना तर आहे. त्यांनी मेथीची जुडी उलटी करून देठ तपासले आणि म्हणाल्या, "तिला आज काम निघालं."

लेक म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधली बाई, हे मला मेडिकलच्या दुकानात गेल्यावर कळलं. काउंटरमागच्या गृहस्थांनी आईंना बघून न विचारता बीपीच्या गोळ्या काढल्या, पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'सकाळ' लिहिलं आणि म्हणाले, "ताई म्हणाल्या होत्या मोठं लिहा, म्हणून आता मोठंच लिहितो. त्या नाहीत आज?" मग माझ्याकडे बघून, "आपण कोण?"

"सून."

"अच्छा. म्हणजे मोबाइलवरून मागवता त्या."

पुण्यात दुकानदाराला राग आला की तो सुटे पैसे मोजायला लागतो. त्यांनी मोजले. आई दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या, जणू आमची दोघांची भांडणं लावून देण्यात त्यांचा काही हातच नव्हता.

खरेदी हा माझा पेशा आहे. एका कारखान्याच्या ऑफिसात मी खरेदी बघते. बोल्ट, गॅस्केट, पॅकिंगचे खोके, कामगारांचे हातमोजे. माल योग्य हवा, वेळेवर हवा आणि त्यासाठी कुणी उन्हात हिंडायची गरज नको, हे माझं कामाचं तत्त्व. घरातही मी तेच लावून दिलं होतं. औषधं घरपोच, भाजी घरपोच, रक्त तपासायला माणूस घरी. आईंनी ऐंशी ओलांडली, शुगर जुनी, गुडघे त्याहून जुने. त्यांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं कारणच उरू नये, अशी सगळी व्यवस्था झाली होती.

मग समोर यवतमाळकडचं जोडपं भाड्यानं आलं. मुलगा हिंजवडीला नोकरीला, नवरा निवृत्त, आणि ती माझ्याच वयाची. माझ्यापेक्षा जाड आणि माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त हसणारी. पहिल्याच आठवड्यात माझ्या दाराशी आलेली भाजीची पिशवी बघून ती म्हणाली, "वांगं हातात घेतल्याशिवाय कसं समजन जी, किडकं आहे का चांगलं?" मी म्हटलं, किडकं निघालं तर पैसे परत मिळतात. ती म्हणाली, "पैसे मिळतील, पण भरीत?" आतून आई हसल्या. त्या हसण्यावर मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं.

सुरुवात कोथिंबिरीपासून झाली. "काकू, मी खाली चालली, कोथिंबीर आणायला. येता का?" आई गेल्या. मग टपाल कचेरीत गेल्या, मग चष्म्याची दांडी बसवून आणायला गेल्या, मग गव्हाचं पीठ घरात असतानाही गिरणीत गेल्या. माझ्याबरोबर जिना उतरताना आई प्रत्येक पायरीवर थांबतात, कठडा धरतात आणि खाली पोचल्यावर विचारतात, "परत चढायचं आहे ना?" समोरचीबरोबर उतरताना मी दारामागून ऐकलंय. सलग उतरत होत्या आणि बोलत होत्या. एकदा गॅसवरचं दूध उतू गेलं तर आई "अरे बापा" म्हणाल्या. साताऱ्यात जन्मलेली आणि सगळं आयुष्य पुण्यात काढलेली बाई.

मी नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "बरंच आहे की. सोबत मिळाली तिला."

नवऱ्यांना हे असं म्हणायला काही लागत नाही.

आता पायांचं सांगायला हवं. शुगरमुळे आईंचे तळपाय बधिर झाले आहेत. डॉक्टरांनी एक जाडसर नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून तपासलं होतं. आईंनी डोळे मिटायचे आणि दोरा लागला की 'हो' म्हणायचं. आई अगदी आत्मविश्वासानं हो, हो म्हणत होत्या. दोरा तेव्हा हवेत होता. टेकवला तेव्हा गप्प. डॉक्टर मला म्हणाले, यांना काटा लागला तरी कळणार नाही, चटका बसला तरी कळणार नाही, म्हणून त्यांच्या पायांना तुमचे डोळे लावा. तेव्हापासून संध्याकाळी ऑफिसमधून आले की चहा घेऊन मी आईंसमोर पाटावर बसते आणि दोन्ही तळपाय बघते. बोटांच्या बेचक्यासुद्धा. आईंना ते आवडत नाही. त्या तेवढा वेळ टीव्हीकडे बघतात.

चपलाही मी आणल्या होत्या. सर्जिकलच्या दुकानातून, दहा जोड बघून. जाड मऊ तळ, रुंद पुढा, मागे पट्टा, वर दोन वेलक्रो. काळ्या. दिसायला काही नव्हत्या हे मला मान्य आहे, पण त्या कपाटात मांडून ठेवायला आणल्या नव्हत्या. आईंनी पहिल्या दिवशी त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "या मी घालायच्या, की यात मी बसायचं?" तरी बाहेर जाताना घालायच्या. मी दारात उभी राहून वेलक्रो नीट लागलाय का बघायची. समोरची शेजारी उभी राहून म्हणायची, "मस्त दिसते काकू, पोलिसांसारख्या."

त्या एप्रिलमधल्या शनिवारी मी दुपारी घरी आले तेव्हा समोरचं दार उघडं होतं. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती आणि तळपायांना तूप चोळत होती. मला बघून ओरडली, "ताई, आनंदाची गोष्ट आहे! काकूंची पीडा गेली!"

"कसली पीडा?"

"चपला गेल्या ना देवळातून! मारुतीला गेलो होतो, बाहेर आलो तर काकूंच्या चपला गायब. शनिवारी देवळातून चप्पल चोरीला गेली की साडेसाती पण तिच्याबरोबर जाते, तुमच्याकडे नाही का म्हणत?"

आमच्याकडेही म्हणतात. मी विचारलं, "मग आई घरी कशा आल्या?"

"अनवाणी! माझ्या घाला म्हटलं तर ऐकतच नाही. मग मी पण माझ्या काढून हातात घेतल्या. काकू अनवाणी अन् मी चपलीत, बरं दिसते का ते? अन् रिक्षा उभी थेट तिकडे चौकात. डांबर असं तापून राहिलं होतं ताई, माझे पाय भाजून निघाले. अन् काकू? अशा चालल्या, जसं काही बागेत चालल्या! लोखंड आहे जी तुमची सासू, लोखंड!"

तिच्या आवाजात निखळ कौतुक होतं. मी चपलांसकट घरात शिरले. आई पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या.

"पाय बघू."

"आत्ता? चहा तरी घे."

"पाय."

"संध्याकाळी बघ ना, रोजच्यासारखे."

मी खाली बसून पाय उचलला. उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या खाली, आवळ्याएवढा पाण्यानं भरलेला फोड होता. डावी टाच लालभडक. आईंनी वाकून बघितलं आणि दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तशा म्हणाल्या, "अगंबाई."

मी रिक्षा बोलावली. समोरची दारात आली होती, एका हातात तुपाची वाटी. मी तिला म्हणाले, "त्यांच्या पायांना काही कळत नाही. खाली निखारा असला तरी कळणार नाही."

तिचा चेहरा उतरला. "काकू कधी बोलल्या नाहीत."

"त्या कशाला बोलतील?"

"अन् तुम्ही?" ती म्हणाली.

रिक्षा आली होती. मी आईंना धरून रिक्षात घातलं.

डॉक्टरांनी फोड साफ केला, पट्टी बांधली, गोळ्या लिहून दिल्या आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही असं बजावलं. शुगर असलेल्या माणसाच्या पायाची जखम कुठपर्यंत जाऊ शकते ते त्यांनी आईंसमोरच सांगितलं. बोट, मग पाऊल. आईंनी पहिल्यांदाच टीव्ही नसताना नजर दुसरीकडे वळवली. मग डॉक्टर मला म्हणाले, "वेळेत आणलंत."

'वेळेत' हा शब्द मी जपून घरी आणला. नवऱ्याला सांगितला, आईंच्या बहिणीला फोन करून सांगितला, आणि जिन्यात शिरताना जरा मोठ्यानं पुन्हा एकदा, समोरचं दार उघडं होतं म्हणून. भीती तर वाटतच होती, रात्रभर वाटली. पण त्या भीतीखाली कुठंतरी मला बरंही वाटत होतं. बघा, एवढी लेक लेक करत होतात. लेकीनं काय केलं आणि सुनेनं काय केलं.

पण हे समाधान काही टिकलं नाही.

ती दुसऱ्याच दिवशी आली आणि आईंच्या पलंगाशी बसून रडली. चांगली हुंदके देऊन रडली, तोंडाला पदर लावून. "माझ्यामुळं झालं काकू. मी काऊन तुम्हाला चालू दिलं?" आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "अगं, तुझी काय चूक? गप. गप बघू." फिरवतच होत्या. माझ्या पाठीवरून आईंचा हात फिरल्याचं मला एकदा आठवतं, माझी आई गेली तेव्हा. तोही दोनदाच फिरला, मग म्हणाल्या, चहा टाकते.

पट्टी मी बदलायची, सकाळी ऑफिसला जायच्या आधी. हात धुवायचे, जुनी पट्टी ओली करून सोडवायची, रंग बघायचा, वास बघायचा, कडा बघायच्या. दुपारी ती यायची. मी नाचणीचा उपमा करून डब्यात ठेवलेला असायचा, तो संध्याकाळी तसाच मिळायचा. भांड्यात मात्र गोळाभाताचा वास. बेसनाचे गोळे भातात शिजवून वरून फोडणीचं तेल. मी म्हटलं, "आई, तेल."

"थोडंच होतं."

"आणि उपमा?"

"तो औषधासारखा लागतो गं."

औषधासारखा म्हणजे काय? औषधच आहे तो.

पुढच्या शनिवारी कामावरून येताना मी देवळापाशी उतरले. मला एक गोष्ट खटकत होती. माझं कामच ते आहे. माल हरवला की तो का हरवला ते बघायचं. देवळाबाहेरून चपला चोरणारा माणूस चांगल्या, नव्या, विकता येतील अशा उचलतो. म्हातारीच्या वेलक्रोवाल्या काळ्या चपला, ज्या मी निवडून आणलेल्या असूनही घरात कुणाला बघवत नव्हत्या, त्या कोण नेईल?

पायरीशी रुईच्या पानांचे हार विकणारी बाई बसली होती. मी एक हार घेतला आणि विचारलं, "मागच्या शनिवारी इथून एका आजींच्या चपला गेल्या. काळ्या, जाड."

"गेल्या कुठं? आजींनी दिल्या की." बाईंनी पाय पुढे केले. "ह्याच न्हव्हं?"

त्याच होत्या. वेलक्रो नीट लावलेला, मी लावते तसा.

"त्या दुसऱ्या ताई आत तेल वाहत हुत्या तवा आजी भाईर आल्या. म्हनल्या, बाई, तुझा पाय केवढा? म्या म्हनलं, हाय तुमच्यावानी. म्हनल्या, मग ह्या घे. म्या नको म्हनलं, तर म्हनल्या, घे, न्हाईतर मी इथंच टाकून जाईन." बाईंनी चप्पल हलवून दाखवली. "लई मऊ हायत. दिसभर बसून पाय सुजायचा, आता न्हाई सुजत. का वो, तुमच्या कोन त्या?"

"सासू."

"भाग्याच्या हायसा."

मी हार घेऊन घरी आले. मारुतीला वाहायचा राहूनच गेला.

त्या संध्याकाळी मी चहा घेतला नाही. पाटावर बसले, पाय मांडीवर घेतला, पट्टी सोडली. जखम भरत होती, कडेनं गुलाबी कातडी धरत होती. मी बघत बघतच म्हटलं, "हारवालीला चपला छान बसल्या आहेत."

टीव्ही चालू होता. आईंनी तो बंद केला.

"तू कशाला गेली होतीस तिकडं?"

"तुम्ही का दिल्यात?"

आईंनी रिमोट उशाखाली सरकवला. मग म्हणाल्या, "त्या घातल्या की लोक बाजूला होऊन वाट देतात."

"मग चांगलं आहे की."

"मेलेल्याला देतात तशी."

मी कापसानं पाय पुसत राहिले. "तुमचा पाय गेला असता," मी म्हटलं.

"माहितीये. डॉक्टर बोलले तेव्हा कळलं."

"आणि ती? ती रोज येऊन रडतेय. तिला वाटतं तिच्यामुळं झालं. तिला का नाही सांगत?"

"तिला सांगितलं तर तीही पायांकडे बघत बसेल. तू बघतेस तशी. मग मला बाहेर कोण नेणार?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "तू सांगणार आहेस का तिला?"

माझ्या सासूबाई मला घाबरतात असं मला आजवर कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी तो पाय माझ्या हातात जरा आखडला, तेव्हा वाटलं.

सांगायची इच्छा नव्हती असं नाही. पट्टी बांधून होईपर्यंत मी मनात सगळी वाक्यं तयार केली होती. काय हो, तुमच्या काकूंनी स्वतः चपला देऊन टाकल्या आणि तुम्हाला आठवडाभर रडू दिलं. बघा तुमची लाडकी. एवढं एक वाक्य, आणि समोरचं दार बंद झालं असतं. कोथिंबीर पुन्हा घरपोच आली असती.

मी उठून समोर गेले. दार तिनंच उघडलं. डोळे सुजलेले, हातात लाटणं.

"काकू बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. तुम्हाला एक दाखवायचंय. हात धुऊन या."

मी तिला आईंच्या समोर बसवलं आणि तळपाय कसा बघायचा ते शिकवलं. बोटांच्या बेचक्या, टाच, अंगठ्याखालचा भाग, चपलेत खडा आहे का ते आधी हातानं बघायचं, देवळात मोजे घालूनच जायचं, तापलेल्या फरशीवर आपला तळहात टेकवून बघायचा. नवीन माणूस कामाला लागला की मी जसं शिकवते तसं. ती मान डोलवत होती. आई माझ्याकडे बघत होत्या, मी पुढं काय बोलते ते ऐकायला. मी पुढं काही बोलले नाही. चपला चोरीलाच गेलेल्या राहिल्या.

हा मोठेपणा नव्हता. ती गेली असती तर रोज दुपारी आईंजवळ कोण बसलं असतं? मला रजा किती उरल्या होत्या ते मलाच माहीत. आणि आई तिच्याशिवाय जिना उतरल्या असत्या का? नसत्या. हे मी त्या वेळी असंच स्वतःला सांगितलं आणि ते खरंही आहे.

पाय बरा व्हायला मे संपत आला. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली, पण चपला मऊ हव्यात हे पुन्हा बजावलं. मी सर्जिकलच्या दुकानात जायला निघाले तेवढ्यात समोरची म्हणाली, कसब्यात एक जण आहेत, तिच्या जावेच्या शेजारणीला त्यांनी पायाचं माप घेऊन शिवून दिल्या, आतून त्याच मऊ तळाच्या, वरून साध्या चपलेसारख्या. "शनिवारी मात्र नाही घ्यायच्या," ती म्हणाली. मी म्हटलं, शनिवारी माझी इच्छाही नाही.

रविवारी आम्ही तिघी गेलो. रिक्षा गल्लीत शिरेना म्हणून थोडं चालावं लागलं. आई मध्ये. मी पिशवी आणि छत्री घेतली होती. त्यामुळे आईंचा हात तिच्या हातात होता. दुकान म्हणजे एका माणसाला बसता येईल एवढी जागा, बाहेर एक स्टूल. मी आधी नमुना मागितला. अंगठ्यानं तळ दाबून बघितला, वाकवून बघितला, आतून हात फिरवून कुठं खिळा टोचतो का ते बघितलं. मला दोष काढायचा होता. निघाला नाही.

"पट्टा मागे हवा," मी म्हटलं.

"मागे पट्टा लावला तर चप्पल दिसणार नाही छान," समोरची म्हणाली.

"छान दिसण्यापेक्षा पायात राहणं महत्त्वाचं."

"ताई, काकूंना विचारा ना एकदा."

"मी कशाला विचारू? मला माहीत आहे."

कारागीर स्टुलावर बसलेल्या आईंच्या पायाखाली कागद धरून खोळंबले होते. "माप पायाचं घ्यायचंय," ते म्हणाले. "तोंडाची मापं घरी जाऊन घ्या."

आई हसल्या. खूप दिवसांनी एवढ्या मोकळ्या हसल्या. कारागिरांनी पेन्सिल पावलाभोवती फिरवत विचारलं, "दोघी मुली का तुमच्या? भांडतात अगदी तशाच."

"छे," आई म्हणाल्या. माझ्याकडे बोट केलं. "ही सून." मग तिच्याकडे. "आणि ही मैत्रीण."

मी छत्री उगाचच उघडून पुन्हा मिटली. मैत्रीण. दीड वर्षात. समोरची लाजली, खरंच लाजली, एवढ्या मोठ्या बाईचे गाल लाल झाले. लेक नाही म्हटलं याचं तिला काही वाटलंच नाही. मला कळेना की या दोन शब्दांमध्ये वरचा कुठला. सून व्हायला मला कुणी निवडलं होतं? आईंच्या मुलानं. तिला आईंनी स्वतः निवडलं होतं, वांगी निवडतात तशी, हातात घेऊन.

"रंग?" कारागिरांनी विचारलं.

"मरून," आई म्हणाल्या. काळा सुचवायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"मागे पट्टा?"

आईंनी माझ्याकडे बघितलं. "लावा. ही म्हणते तर लावा."

"जुन्या चपला आणल्यात का? कुठं झिजतात ते बघितलं असतं."

"चोरीला गेल्या ना जी," समोरची उत्साहानं म्हणाली. "शनिवारी, मारुतीच्या देवळातून. सगळी पीडा घेऊन गेल्या."

आई पेन्सिलीकडे बघत होत्या. मी म्हटलं, "हो. चोरीला गेल्या."

येताना तिघी एका रिक्षात. आई मध्ये, मी फुटपाथच्या बाजूला, समोरची पलीकडे. ती चपलांसाठी मऊ मोजे कुठं मिळतील ते सांगत होती. आमच्या बिबवेवाडीत शिरल्यावर मारुतीच्या देवळापाशी सिग्नलला रिक्षा थांबली. हारवाली बाई फुटपाथवरच उभी होती, रुईची टोपली डोक्यावर, आणि पायात त्या. उन्हात वेलक्रो चमकत होता. तिनं रिक्षाकडे बघितलं, आईंना ओळखलं आणि तोंडभर हसली.

मी छत्री उघडली. रिक्षात, फुटपाथच्या बाजूला, पूर्ण उघडली. आईंनी त्याच क्षणी गुडघ्यानं माझ्या गुडघ्याला धक्का दिला, आणि मग दोघींनी अगदी सरळ समोर, सिग्नलकडे बघितलं.

"काय झालं जी?" समोरची वाकून बघायला लागली. "काय बघून राहिल्या दोघी?"

"काही नाही," आम्ही एकदमच म्हणालो.

"ऊन," आईंनी वर जोडलं.

ती मागे टेकून बसली आणि घर येईपर्यंत मोज्यांचं काही बोलली नाही. आपल्याला वगळलंय एवढं तिला कळलं असावं, आणि ते जरा लागलंही असावं. मला फार बरं वाटलं.